कोजागिरी बारा महिने

कोजागिरीच्या रात्री लक्ष्मी घरोघर फिरते आणि ‘को जागर्ति?’, म्हणजे ‘कोण जागे आहे?’ असे विचारते. जो जागा असेल त्याच्या पदरात धनधान्य टाकते, असे माझी आजी सांगत असे. हे खरे असेल, तर लक्ष्मीच्या खातेवहीत माझे नाव बरेच वर असावयास हवे. कारण २०२२ सालच्या श्रावणापासून पुढे जवळजवळ दीड वर्ष मी बारमाही कोजागिरी साजरी केली. मसाल्याचे दूध नव्हते, बहुतेक रात्री चंद्रही नव्हता. पण जागरणात मात्र खंड पडला नाही. लक्ष्मी काही आली नाही. आले ते दूधवाले, वर्तमानपत्र टाकणारा मुलगा आणि नगरपालिकेची घंटागाडी.

मी साताऱ्यात एका महाविद्यालयात मराठी शिकवितो. आमच्या व्यवसायात झोपेचा संबंध सहसा समोर बसणाऱ्यांशी येतो, बोलणाऱ्याशी नाही. त्यामुळे ही व्याधी आपल्या वाट्याला येईल असे मला कधी वाटले नव्हते. आणि माझी तऱ्हाही थोडी निराळी होती. साडेदहाला दिवा मालविला की पंधरा मिनिटांत मला गाढ झोप लागे. पण दोन वाजता, कोणीतरी खांद्याला धरून हलवावे तसे डोळे उघडत. पावणेदोन नाही, सव्वादोन नाही, दोन. मग सुरू होई अंकगणित. आता झोप लागली तर साडेपाचपर्यंत साडेतीन तास मिळतील. तीन वाजले, अडीच तास तरी मिळतील. चार वाजले, दीड तास काही थोडा नव्हे. ज्या विषयात दहावीला मी कसाबसा उत्तीर्ण झालो, त्याचा एवढा अभ्यास मी आयुष्यात कधी केला नव्हता. पहाटे केव्हातरी डोळा लागे आणि लागतो न लागतो तोच घंटागाडीचे गाणे वाजे.

निद्रानाश हा रोग असा आहे की तो एकाला होतो आणि वैद्य शंभर होतात. आमच्या प्राध्यापककक्षात मी जांभई दिली आणि बोलून बसलो; दुसऱ्या दिवसापासून उपायांचा पाऊस पडू लागला. रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांनी गरम दुधात जायफळ उगाळून घ्यावयास सांगितले. ग्रंथपाल म्हणाले, शंभरपासून उलटे आकडे मोजा. मी मोजले, शून्यावर पोचलो. पुढे काय करावयाचे ते त्यांनी सांगितले नव्हते, म्हणून उणे एकपासून पुन्हा सुरुवात केली. भूगोलाच्या प्राध्यापकांनी घरी येऊन खाटेची दिशा पाहिली आणि उत्तरेकडचे डोके पूर्वेकडे करावयास लावले. त्याने एवढेच झाले की रात्री उठताना कपाळ खिडकीच्या दारावर आपटू लागले. हेडक्लार्कनी कानाशी लागून ‘रात्री दोन घोट घेत जा’ असा मंत्र दिला; तो मी घेतला नाही, आणि ते बरेच झाले, हे पुढे कळले.

सर्वांत नामी उपाय एका विद्यार्थ्याचा. २०२०च्या टाळेबंदीत मी घरी बसून मोबाइलवर व्याख्याने मुद्रित करून वर्गाला पाठविली होती. त्याने ती सगळी मलाच परत पाठविली आणि खाली लिहिले, ‘सर, आम्हाला याचा हटकून गुण येतो.’ मी तीही ऐकली. पण अंधारात पडून स्वतःच्या चुका ऐकणाऱ्या मास्तराला झोप कशी यावी? त्या रात्री मी तीन वाजता उठून एका व्याख्यानाचे शुद्धिपत्र तयार केले.

घरात आईचा दवाखाना निराळाच होता. खसखशीची खीर, टाळूवर ब्राह्मीचे तेल, आणि तळपायांना तूप लावून त्यावर काशाची वाटी घासणे. वाटी फिरू लागली की तूप हळूहळू काळे पडते आणि आई म्हणते, ‘बघ, उष्णता उतरली.’ शेजारच्या काकूंनी रात्रीच्या दहीभाताबरोबर कच्चा कांदा खावा असे सुचविले. तो उपाय सौभाग्यवतीला पसंत पडला नाही. तिची झोप उडू लागली.

मास्तर माणसाला आणखी एक खोड असते. दुखणे आले की तो आधी ग्रंथालयात जातो. मी चरकसंहितेचे मराठी भाषांतर काढले. आहार, निद्रा आणि ब्रह्मचर्य हे शरीराचे तीन उपस्तंभ, म्हणजे आधाराचे खांब, असे चरक सांगतात. झोप गेलेल्या माणसासाठी त्यांनी दिलेली यादी वाचून मला गंमत वाटली: अंगाला तेल चोळणे, उटणे, स्नान, दहीभात, दूध, तूप, मनाला आवडणारे गंध आणि स्वर, अंग चेपून घेणे, डोक्याला लेप, नीट घातलेले अंथरूण, सुखाचे घर आणि योग्य वेळ. म्हणजे माझी आई आणि शेजारच्या काकू मिळून चरकच झाल्या! म्हशीच्या दुधाला तर झोप आणणाऱ्या पदार्थांत त्यांनी पहिला मान दिला आहे. साताऱ्यात राहून म्हशीच्या दुधाला काय तोटा? महिनाभर तेही प्यालो. वजन तीन किलोंनी वाढले. झोप होती तेवढीच राहिली.

परंतु हे उपाय खोटे आहेत असे कोणी समजू नये. झोप येण्यापूर्वी शरीराच्या आतले तापमान थोडे उतरावे लागते, आणि ती उष्णता बाहेर पडते हातापायांच्या कातडीतून. पाय उबदार असले की झोप लवकर लागते, असे स्वित्झर्लंडमधील बाझल येथील संशोधकांनी १९९९ साली दाखवून दिले. तेव्हा तळपाय चोळून गरम करणारी काशाची वाटी आणि झोपण्यापूर्वी तास-दीड तास आधी घेतलेले कढत पाण्याचे स्नान यांत तथ्य आहे. आईचे ‘उष्णता उतरली’ हे वाक्यही, तूप काळे पडण्याचे कारण निराळे असले तरी, अगदीच टाकाऊ नव्हे. दुधातील झोपेचे द्रव्य पेलाभरात नाममात्रच असते. पण रोज त्याच वेळी, त्याच पेल्यात, हळूहळू प्यालेले दूध ‘दिवस संपला’ असे शरीराला सांगते, हा त्याचा खरा गुण.

जायफळाचे मात्र जपून. वळसा-दोन वळसे उगाळले तर ठीक. पूड चमच्याने घेऊ लागलात तर छातीत धडधड, ओकारी आणि भलतेसलते भास होतात. तीच गोष्ट सर्पगंधेची. कोणीतरी मला ती मुळी आणून देत होते. तिची कीर्ती खोटी नाही: १९३१ साली गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी तिच्यावर निबंध लिहिला आणि १९५२ साली तिच्यातून रिसर्पिन हे औषध वेगळे काढण्यात आले. पण ती रक्तदाब उतरविते आणि मन खिन्न करू शकते. ती घरच्या डब्यातली वस्तू नव्हे. हेडक्लार्कच्या दोन घोटांचे म्हणाल, तर दारू झोप लवकर आणते आणि उत्तररात्री ती मोडून टाकते. दोनला उठणाऱ्याने दोन घोट घेणे म्हणजे चोराच्या हाती किल्ली देणे.

आणि चहा! माणूस जागा असतो तोवर मेंदूत ॲडिनोसिन नावाचे द्रव्य साचत जाते आणि त्याचा भार वाढला की झोप येते. चहातील कॅफिन त्या द्रव्याच्या जागा अडवून बसते, आणि त्यातले निम्मे शरीरातून जावयास साधारण पाच तास लागतात. महाविद्यालय सुटल्यावर सहा वाजता घेतलेल्या दोन कपांतला एक कप, म्हणावयाचा तर, रात्री अकरालाही माझ्या पोटात शिल्लक असे. संध्याकाळचा चहा मी सोडला. फरक पडला, पण दोनचा ठोका काही चुकला नाही.

आणि मग माझ्या हातून एक मूर्खपणा घडला. आमच्या फडताळात अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, शेवटच्या आजारपणातील औषधांचा डबा तसाच राहिला होता. त्यात झोपेच्या गोळ्यांची एक पट्टी होती. कोणाला न सांगता मी रोज एक घेऊ लागलो. झोप लागली, नाही असे नाही. पण ती विहिरीत पडल्यासारखी लागे, आणि सकाळी अर्धा मी विहिरीतच राहून जाई. डिसेंबर २०२३ मधली गोष्ट. सातवीतल्या लेकीला स्कूटरवर मागे बसवून मी शाळेत सोडावयास निघालो होतो. थंडी होती, रस्ता रोजचा होता. एका वळणावर, मला वाटते, क्षणभरच डोळे मिटले. ‘बाबा!’ म्हणून ती किंचाळली. डोळे उघडले तेव्हा एका दूधवाल्याची सायकल पुढच्या चाकापासून वीतभर अंतरावर होती. तो भला माणूस शिवीसुद्धा न देता म्हणाला, ‘मास्तर, झोप झाली नाही का?’ लेक शाळेच्या फाटकापर्यंत माझा सदरा घट्ट धरून बसली होती. उतरताना म्हणाली, ‘उद्यापासून मी चालत जाईन.’

त्या दिवशी महाविद्यालयात न जाता मी आमच्या डॉक्टरांकडे गेलो.

त्यांनी आधी गोळ्यांची पट्टी काढून घेतली. मग घोरता का, झोपेत श्वास अडतो का, थायरॉइड तपासले आहे का, जेवण जाते का, जगावेसे वाटते ना, असे पुष्कळ प्रश्न विचारले. शेवटी म्हणाले, ‘रोज दोनलाच?’

‘रोज दोनला.’

‘दोन वाजता काय असतं तुमच्या घरात?’

‘काही नसतं,’ मी म्हणालो. आणि म्हणताम्हणता थांबलो. कारण दोन वाजता आमच्या घरात काय असे, ते मला चांगले ठाऊक होते.

जानेवारी २०२२ मध्ये अण्णांना अर्धांगवायूचा झटका आला. पुढे सात महिने ते मधल्या खोलीत खाटेवर होते. अशा रोग्याला पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते. आम्ही पाळ्या वाटून घेतल्या होत्या. बारापर्यंत सौभाग्यवती, दोनची पाळी माझी, चारची आईची. अण्णांचेच जुने गजराचे घड्याळ त्यांच्या उशाशी ठेवलेले असे. ते दोनला वाजे आणि मी शेजारच्या खोलीतून उठून जाई. श्रावणातल्या एका रात्री ते वाजले नाही, किंवा वाजले आणि मला ऐकू आले नाही. चार वाजता आईने हाक मारली तेव्हा अण्णा गेले होते.

डॉक्टरांना मी पाळ्यांचे सांगितले. शेवटच्या रात्रीचे सांगितले नाही. ते कोणालाच सांगितले नव्हते.

डॉक्टर म्हणाले, ‘सात महिने शरीराला शिकवलंत, ते विसरायलाही वेळ द्या. पण अंथरुणात पडून झोपेची वाट पाहणं आधी बंद करा.’ त्यांनी दिलेले नियम ऐकून मला वाटले, हा माणूस झोप घालविण्याचा उपाय सांगतो आहे. रात्री बाराच्या आत आडवे व्हावयाचे नाही. सकाळी साडेपाचला, झोप लागलेली असो वा नसो, उठावयाचे, रविवारीसुद्धा. दुपारची वामकुक्षी बंद. घड्याळ खोलीबाहेर, मोबाइलही बाहेर. आणि जाग येऊन वीसेक मिनिटे गेली असे वाटले तर अंथरूण सोडून दुसऱ्या खोलीत जावयाचे, मंद दिव्यात काहीतरी कंटाळवाणे करीत बसावयाचे आणि डोळे जडावले की मगच परतावयाचे. अंथरूण आणि जागरण यांचे जे लग्न लागले आहे ते मोडावयाचे, असा याचा मथितार्थ. यातला अंथरूण सोडण्याचा नियम अमेरिकेतील रिचर्ड बुट्झिन यांनी १९७२ साली सांगितला आणि खाटेवरचे तास कमी करण्याचा आर्थर स्पीलमन यांनी १९८७ साली. दीर्घकाळच्या निद्रानाशावर गोळ्यांच्या आधी हीच रीत वापरावी, असे अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या संस्थेने २०१६ साली सांगितले आहे.

पहिले आठ दिवस हाल झाले. स्कूटर मी बंदच ठेवली होती. लेकीबरोबर चालत जाई आणि तिथून महाविद्यालयात. दहापासून बारापर्यंत जागे राहणे हीच शिक्षा वाटे. नवव्या की दहाव्या रात्री दोनला जाग आली. नियमाप्रमाणे थोडा वेळ वाट पाहिली आणि उत्तरपत्रिकांचा गठ्ठा घेऊन मधल्या खोलीत गेलो.

तिथे आई बसली होती. देवापाशी लहान दिवा लावलेला, मांडीवर कापूस, आणि ती वाती वळीत होती. शेजारी वातींचा हा एवढा ढीग. वर्षभर पुरून उरतील एवढ्या.

‘कोण, तू होय?’ ती म्हणाली. ‘जा, झोप जा.’

‘तू का जागी?’

‘मी काय, रोजचीच. तुझा गजर वाजला की मलाही जाग यायची. अजून येते.’

म्हणजे दीड वर्ष आम्ही दोघे, मध्ये एक भिंत ठेवून, रोज दोनला जागे होत होतो. आणि दुसऱ्याची झोप मोडू नये म्हणून न हलता पडून राहत होतो. मी तिच्याजवळ बसलो. थोडा कापूस हातात घेतला. वाती मला कधी वळता आल्या नाहीत. मान खाली होती म्हणूनच बोलणे जमले असावे. म्हणालो, ‘आई, त्या रात्री मला गजर ऐकू आला नाही गं. मी उठलो असतो तर—’

आईचे हात थांबले. ‘अरे, गजर वाजलाच नव्हता,’ ती म्हणाली. ‘मीच कळ दाबून ठेवली होती. तू परीक्षेच्या कामावरून आलास तेव्हा उभ्या उभ्या डुलत होतास. म्हटलं, आज याला झोपू दे. दोनला मीच ह्यांची कूस बदलली. चमच्यानं पाणी दिलं. मग तिथंच बसले. साडेतीनला गेले ते. हात माझ्या हातात होता.’

थोड्या वेळाने ती म्हणाली, ‘तुला शेवटची भेट मिळाली नाही, ती माझ्यामुळं. कोणत्या तोंडानं सांगणार होते?’

त्या रात्री उत्तरपत्रिका तशाच राहिल्या. आम्ही पाच वाजेपर्यंत अण्णांविषयी बोलत बसलो. आजारी अण्णांविषयी नव्हे, तर धडधाकट अण्णांविषयी. एकदा तर आई इतकी हसली की सौभाग्यवती काय झाले म्हणून उठून आली, आणि आम्हा दोघांना कापसात बसलेले पाहून चहा टाकावयास गेली.

त्यानंतर मी लगेच गाढ झोपू लागलो, असे लिहिले तर ती गोष्ट होईल. तसे झाले नाही. नियम सहा आठवडे पाळावे लागले. झोप सलग होऊ लागली तसा डॉक्टरांनी पंधरा पंधरा मिनिटांनी खाटेवरचा वेळ वाढविला. वसंतपंचमीच्या सुमारास एके दिवशी लक्षात आले की दोन कधी वाजून गेले ते कळलेच नाही. अजूनही मधूनच जाग येते. पण आता मी हिशेब करीत नाही. कूस बदलतो. जागे राहून करावयाचे असे या घरात आता काही नाही, हे शरीराला पटले असावे.

आज मला कोणी उपाय विचारला तर मी काय सांगतो? वाटी फिरवा, दूध प्या, संध्याकाळचा चहा सोडा, उठण्याची वेळ मोडू नका. पण झोपेच्या मागे धावू नका. झोप म्हणजे पहारा सोडणे, आणि पहारा जोर लावून सोडता येत नाही. अंगाईने मूल झोपते, ते कोणीतरी आपल्यासाठी जागे आहे एवढे कळल्यामुळे. चरकांच्या यादीतली तेल, लेप आणि अंग चेपणे ही सगळी दुसऱ्या कोणाच्या तरी हातांनी करावयाची कामे आहेत, हे माझ्या उशिरा लक्षात आले. मनात जी पाळी चालू राहिली असेल, ती कोणाजवळ तरी बोलून उतरवा.

आणि हेही सांगतो: आठवड्यातून तीन-तीन रात्री, तीन महिने, असे चालले असेल तर प्राध्यापकांना न विचारता डॉक्टरांना विचारा. घोरता घोरता श्वास अडत असेल, किंवा मन सदा खिन्न असेल, तर लगेच विचारा. दुसऱ्याच्या डब्यातली गोळी घेऊ नका, आणि पुष्कळ दिवसांची गोळी एकदम सोडूही नका. वाहन चालविणाऱ्यांनी, फेफऱ्याचा किंवा मनाचा विकार असणाऱ्यांनी खाटेवरचे तास कमी करण्याचा प्रयोग आपल्या मनाने करू नये. लेक पुन्हा स्कूटरवर बसू लागली, पण तिला तीन महिने लागले. झोपेपेक्षा तो विश्वास परत मिळावयास मला अधिक वाट पाहावी लागली.

२०२४ च्या कोजागिरीला आम्ही गच्चीवर दूध आटविले. चंद्र लख्ख होता. मी साडेअकरालाच खाली येऊन आडवा झालो आणि उठलो तो सकाळीच. आई म्हणाली, ‘लक्ष्मी येऊन गेली असेल. तू तर घोरत होतास.’

‘तू होतीस ना जागी?’ मी म्हणालो.

‘नाही रे,’ ती म्हणाली, ‘मलाही झोप लागली.’